जावयाचे जामीनदार

माणिकराव मुन्शी समोरच्याला हकीकत सांगू देत नसत. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्या माणसाचे नातेवाईक सेलूच्या कोर्टाबाहेर, वकिलाच्या टेबलाशी घाम पुसत येत. ‘साहेब, त्यानं थोडीच...’ एवढं म्हणेपर्यंत मुन्शी हात वर करत. ‘थोडी का लय, ते डॉक्टर लिहील. दवाखान्यात नेलं का? किती वाजता? कशावर सही केली?’ या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय ते पुढे सरकत नसत.

कोर्टाच्या बातम्या गोळा करायला मी तेव्हा रोज तिथं असे. मुन्शी वालूरहून एसटीनं येत. ते वकील नव्हते, वकिलाचे कारकून होते. पण अटकेनंतरचे पहिले दोन तास त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. ‘कांदा चारू नका त्याला. मशीनला कांदाबी कळतो न् दारूबी.’ ‘भाऊ चालवीत होता म्हणू नका. एका आरोपीचे दोन होतेत.’ ‘साहेबाच्या पाया पडून रगतातली उतरत न्हाई. जमानत ठाण्यातच होती, मधल्या माणसाच्या नादी लागू नका. अन् वाचल्याबिगर सही न्हाई. चढलेल्यानं तर न्हाईच.’ एकदा एका म्हातारीनं विचारलं, ‘अन् मी काय करू?’ ते म्हणाले, ‘तुमी भाकर आना, मावशी. सकाळपासून कुनी जेवलं नसंल.’

अधिक महिन्यात त्यांची मुलगी सुनीता आणि जावई यांना वालूरला धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण होतं. दोघं मोटारसायकलवर निघाली. दुपारी एकच्या सुमारास देवगाव फाट्यावर पोलिसांनी त्यांना अडवलं, गाडी आणि लायसन जमा केलं आणि जावयाला ताब्यात घेतलं. सुनीताचा फोन आला तेव्हा मुन्शी एक अर्ज लिहीत होते. त्यांनी तिलाही तेच तीन प्रश्न विचारले. मग चौथा विचारला, ‘तुला लागलं न्हाई ना?’ फाट्याच्या आधी गाडी एकदा घसरली होती. तिचं कोपर सोललं होतं.

मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेलो. हवालदार ओळखीचा होता. ‘काय मुन्शी, आज पक्षकार घरचाच?’ मुन्शी हसले नाहीत. त्यांनी तपासणीची वेळ पाहिली, अहवालाची नक्कल मागितली, प्रत्येक कागद दोनदा वाचला आणि जामीनदाराच्या जागी स्वतः सही केली. जावई बाकावर बसला होता.

‘मामा, मानाचं जेवण हाय म्हणून दोस्तांनी पाजली,’ तो म्हणाला.

‘पाव्हणं, चहा घेता का?’ मुन्शी म्हणाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘तुम्ही त्यांना काही बोलत का नाही?’

‘मी इथं बोलीन, त्यो घरी नेऊन तिला बोलंल,’ ते म्हणाले. ‘त्यो तारखेला हजर ऱ्हाईल, ह्याची हमी मी लिहून दिली, पत्रकार. तिला धड घरी नेईल, ह्याची कोन लिहून देतंय?’

संध्याकाळी वालूरला जेवण झालं. जावयाचे पाय धुतले, ताट आणि दिवा दिला, वाण म्हणून अनारसे दिले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कोर्टाच्या हुकमानं गाडी सुटली. लायसन जमाच राहिलं.

‘तुमी दोघं एसटीनं जा,’ ठाण्याच्या फाटकाशी मुन्शी म्हणाले. ‘गाडी मी मागून पोचती करतो.’

‘खेड्याच्या रस्त्याला कोन लायसन बघायलंय, मामा?’

त्याच्या तोंडाला वास होता की नाही, हे मला सांगता येणार नाही; मी तेवढा जवळ नव्हतो. मुन्शी होते. त्यांनी हँडलवर हात ठेवला. जावई हात निघायची वाट बघत राहिला.

‘सुनीता, तू तरी एसटीनं जा,’ मुन्शी म्हणाले.

‘अण्णा, मी एसटीत बसले तर ह्यांना वाटंल, मी तुमच्या बाजूची हाय,’ ती हळू आवाजात म्हणाली आणि मागे बसली.

मुन्शींनी हँडलवरचा हात काढला. ‘पदर सावर, चाकात जाईल,’ ते म्हणाले आणि वाकून त्यांनीच तो तिच्या मांडीखाली नीट खोचला. मग ते बाजूला झाले.