वीतभर उंच ट्रॉली
वेल्डिंगचा जळका वास आला की मला तो दुष्काळ आठवतो. पालीजवळच्या धरणात मधल्या डोहापुरतंच पाणी उरलं होतं, मासे तोंड वर काढत होते, ते मेले असते तर आमच्या मच्छीमार सोसायटीचं वर्ष बुडालं असतं. जाळं टाकून मासे जिवंत काढायला होडी ट्रॉलीवरून डोहापर्यंत न्यावी, तर मागच्या इंजिनाचा पंखा दगडांना घासायचा. मांजरसुंब्याचा वेल्डर म्हणाला, "आक्सल स्प्रिंगच्या पाट्याखाली घेतो, ट्रॉली वीतभर उचलंल. उद्या या." "आजच पायजे," मी म्हणालो, आणि त्याचं काम होईस्तोवर रस्त्यापर्यंत येरझारा घालत राहिलो. दुपारी पंखा दगडांवरून अलगद गेला, पण काठाच्या उथळ पाण्यात ट्रॉली आता इतकी उंच उभी राहिली, की होडी तरंगेचना. काठाला पाणी किती खोल, ते घाईत मी मोजलंच नव्हतं. सोसायटीच्या अध्यक्ष असलेल्या मावशींनी लुगडं खोचलं आणि त्या चिखलात उतरल्या. "उंच तूच करायला लावली ना? मंग लाव खांदा." सहा जणांनी होडी उचलून पाण्यात ढकलली आणि दिवस मावळेस्तोवर मासे जिवंत बाहेर निघाले. आज सत्तरी गाठली, तरी कुठलंही काम पुरं झालं, एवढ्यानं माझा जीव थाऱ्यावर येत नाही. काय मोजायचं राहिलं, तेच शोधत फिरतो.