एरंडेल आणि पहिली धार

नातवाच्या पोटाला चोळायला एरंडेल कोमट केलं, की त्या वासामागून मला मोहाच्या दारूचा वास येतो. आमच्या घरात कोणी पीत नाही.

मॅट्रिकच्या पहिल्या पेपराला गोंदियाला जायची माझी सकाळची आगगाडी चुकली, म्हणून बाबांनी ओळखीच्या ठेकेदाराची मोटार मागून आणली. आमगावच्या अलीकडे क्लच मऊ पडला. पायडल दाबलं की तळाला जाई, आणि गिअर नुसता करकरे. ड्रायव्हर अंतारामनं खाली वाकून पाहिलं. क्लचच्या नळीचा सांधा ढिला होऊन तिच्यातलं तेल गळून गेलं होतं.

"सांधा कसतो जी. पण तेल कुठून आणाव? एरंडीच्या तेलात पयल्या धारेची मोहाची मिसळली तं चालते. दुसरं टाकलं तं रबर फुगते."

आईनं केसांसाठी दिलेलं एरंडेल माझ्या पेटीत होतं. गळ्यात तुळशीची माळ घातलेले बाबा लोटा घेऊन रस्त्यालगतच्या टोलीत, मोहाची गाळणाऱ्या वस्तीत, गेले आणि दिवसाढवळ्या तो भरून घेऊन आले.

सांधा कसून दोन्ही मिसळून ओतलं, मग अंताराम मोटारीखाली आणि मी क्लचवर. "दाबा बाई. आता सोडा." नळीतले बुडबुडे संपले आणि माझ्या तळपायाखाली पायडल घट्ट झालं. बाबांनी डोळे मिटून श्वास सोडला. पेपराची घंटा व्हायच्या आत आम्ही गोंदियात पोचलो.

त्या लोट्याचं मोल तेव्हा मला कळलं नाही. पुढच्या बाजारापर्यंत गोष्ट गावभर झाली. बाबा भजनाला बसताना कोणीतरी विचारलंच, "दारू घेतली म्हणते?"

"घेतली," बाबा म्हणाले. "पोरीच्या पेपराले पाह्यजे होती." आणि त्यांनी टाळ उचलले.