हाकेवरची सुटी

बळीराम ड्रायव्हरला रविवारची सुटी होती. पुंडलिकराव मालक हे स्वतः सांगत, चारचौघांत सांगत, आणि सांगताना त्यांची छाती जरा फुगायची. दिग्रसला त्यांची कापसाची जिनिंग गिरणी होती. रुईच्या गाठी दारव्ह्याच्या स्टेशनावर न्यायचा ट्रक बळीराम चालवायचा. गावातले दुसरे मालक रविवारीही ड्रायव्हरला गाडी धुवायला लावत. पुंडलिकराव म्हणत, "आमचा बळीराम रविवारी फडक्याले बी हात लावत नाही. आराम करते लेकाचा."

अट एकच. हाकेवर राहायचं.

आता हाकेवर म्हणजे काय, ते सांगतो. रेल्वेची वॅगन कधी मिळेल याचा काही नेम नसे. स्टेशनावरून फोन यायचा, वॅगन लागली. मग गाठी भरून गाडी सुटलीच पाहिजे, नाहीतर ती वॅगन दुसऱ्याच्या मालाला जायची. म्हणून फोन आला की मालक ओट्यावर येत आणि "बळीराऽऽम!" म्हणून अशी आरोळी ठोकत की निंबावरचे कावळे उडत. ती आरोळी जिथवर जाईल तिथवर बळीरामची सुटी. फाटकासमोरची चहाची टपरी हाकेत यायची. बाजार यायचा नाही. त्याचं स्वतःचं घर थोडक्यात हुकायचं. आणि मालकांना पडसं झालं की सुटी आणखीच आखूड व्हायची.

तेव्हा बळीराम बिचारा फाटकाजवळच्या निंबाखाली बाजेवर पडायचा. पायात जोडे, उशाशी गाडीचं हँडल. जुनी गाडी ती, समोरून हँडल मारल्याशिवाय गुरगुरत नसे. ज्याच्यापाशी हँडल त्याच्यापाशी गाडी, असा रिवाज होता. कामावरून काढायच्या माणसाला मालक दुसरं काही बोलत नसत, एवढंच म्हणत, "हँडल दे." म्हणून हे दोन शब्द कुठल्याच ड्रायव्हरला ऐकायला नको वाटत.

कधी वॅगन लागायची, कधी नाही. बहुतेक रविवारी नाहीच लागायची. दिवस मावळला की बळीराम उठायचा, अंग झाडायचा, घरी जायचा. आणि सोमवारी गाडीवर बसताना त्याचं डोकं दगडासारखं जड असायचं. त्याला स्वतःचीच लाज वाटे. दिवसभर काडी इकडची तिकडे केली नाही, मग थकलो कायनं? आपण आळशी तर नाही होऊन राह्यलो? दुसऱ्या ट्रकवरचा उत्तमसिंग आठवडाभर ढाणकीच्या बाजारातून कापूस ओढायचा, बाजार बंद त्या दिवशी तांड्यावर जाऊन झोपायचा आणि कसा ताजातवाना परत यायचा. बळीराम मनाशी विचार करी. गाडी उभी हाय, पण इंजिन चालूच ठेवलं, तर तेल जळतेच ना? पण हे कोणाला सांगायचं त्याला जमत नसे.

हे सगळं त्यानं जन्मभर सोसलं असतं. बोलभांड माणूस नव्हता तो. पण फुलसावंगीहून निरोप आला.

फुलसावंगीला त्याची माय होती, मैनाबाई. एकटी राहायची, आपली झोपडी सोडून लेकाकडे यायला तयार नव्हती. तिकडचा एक गाववाला कापूस घेऊन जिनिंगवर आला तो म्हणाला, "बळीराम भाऊ, तुया मायची नजर चालली. मोतीबिंदू म्हंतेत. म्हंते, तोंड दिसते तवर लेकाले एकडाव येऊन जाय म्हना."

बळीराम त्याच दिवशी मालकांपुढे जाऊन उभा राहिला.

"जा ना!" पुंडलिकराव म्हणाले. "मायले भेटाले नाही कोण म्हंते? रविवार तुहाच हाय. फक्त हाकेवर राह्य."

फुलसावंगीला जायचं आणि दिग्रसच्या हाकेवर राहायचं! बळीराम मान हलवून परत आला आणि बाजेवर जाऊन पडला. करणार काय?

चिडला तो उत्तमसिंग. बंजाऱ्याचा गडी, नाकावर राग. "तिकडे तुही याडी डोयानं आंधळी होऊन राह्यली, अन् तू निंबाखाली लोळ!" आपल्या बोलीत आईला याडी म्हणायचा तो. त्यानं कुठूनसं ऐकलं होतं की गाडीवाल्यांसाठी नवा कायदा आलाय, आठवड्यातून एक दिवस खरी सुटी द्यावी लागते. कोणाकोणाला सांगून त्यानं यवतमाळहून कामगार खात्याच्या एका साहेबाला बोलावणं धाडलं, आणि काय आश्चर्य, साहेब खरंच आला. जीपमधून, भर रविवारी.

साहेब माणूस सालस होता, पण पुण्याकडचा. बाजेपाशी खुर्ची मांडून बसला आणि म्हणाला, "बळीराम, घाबरू नका. रविवारी तुम्ही काय करता ते आपल्या शब्दांत सांगा."

बळीराम उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "काही नाही साहेब. पडून राह्यतो."

उत्तमसिंगनं कपाळावर हात मारला.

"पडून राहता," साहेब म्हणाला. "इथे, या झाडाखाली? झोप लागते?"

"लागते थोडीशी."

"मालक काही काम सांगतात?"

"गाडी निघाली तर निघाली. नाहीतर काही नाही जी."

साहेबानं चहा घेतला, निंबाच्या सावलीचं कौतुक केलं आणि जाताना पुंडलिकरावांना सांगितलं की तुमचा ड्रायव्हर आराम करतो असं तो स्वतःच म्हणतोय, आता मी काय बोलणार? पुंडलिकराव आठवडाभर खुशीत होते.

घरी कांताबाईनं मात्र नवऱ्याची बिनपाण्यानं केली. "पडून राह्यतो म्हणे! अडकून राह्यतो म्हणाले काय झालतं? तोंडाले कुलूप लावलं होतं काय?"

"खोटं कसं बोलू?" बळीराम म्हणाला. "पंचशील घेतलं ना आपण? पडूनच तर राह्यतो."

"मोठे आले खरं बोलणारे! त्या पुण्यावाल्या साहेबाले काय समजलं ते तरी पाह्यलं का? त्याले वाटलं, गादीवर लोळतेत तसे लोळता."

 बळीरामच्या मनात पडून राहणं म्हणजे रस्त्यात एक्सल तुटलेली गाडी पडून राहते तसं. जाता येत नाही, कोणी सोडवत नाही, म्हणून पडून. साहेबाच्या मनात दुसरंच. एकच शब्द, आणि त्यापायी त्याची माय आता त्याला पाहणार नव्हती. त्या दिवशी त्याला भाकर गेली नाही. दीक्षेनंतर जन्मलेला त्यांचा पोरगा धर्मपाल पुण्यावाल्या साहेबासारखं बोलून दाखवत होता, त्यावरही बळीरामला हसू आलं नाही.

असाच एक रविवार गेला, आणि मग तो रविवार आला.

त्या दिवशी पुंडलिकरावांनी मुंबईच्या दलालाला ट्रंक कॉल लावला होता. गाठींचा मोठा सौदा होता. दलालानं हो म्हटलं तरच माल हलणार. आणि ट्रंक कॉल म्हणजे काय, ज्यानं लावलाय त्यालाच ठाऊक. एक्स्चेंजवाला म्हणतो, लाइन लागली की घंटी देतो. घंटी आली आणि माणूस जागेवर नसला की गेला कॉल, पुन्हा पहिल्यापासून रांग. मालक फोनपाशी बसले होते. धाकट्या बहिणीच्या नातीचं बारसं होतं त्याच दिवशी, चार घरं सोडून. बोलावणं येऊन गेलं. दुसऱ्यांदा येऊन गेलं. पंगत बसल्याचा निरोप आला. पुंडलिकराव उठत, धोतर सावरत, दारापर्यंत जात आणि पुन्हा येऊन बसत. आंघोळ राहिली होती. पान थुंकायलाही बाहेर जाववेना. मुनीमजी दिसले की त्यांच्यावर वसकन ओरडत.

निंबाखालून बळीराम हे पाहत होता. मालकांच्या चेहऱ्यावरची ती तगमग त्याला ओळखीची वाटत होती, पण कुठे पाहिली ते आठवेना.

दुपारी कांताबाई नवऱ्याची भाकर घेऊन आली. ओट्याजवळून जाताना तिनं पदर सावरला आणि आपलं सहज बोलायचं म्हणून बोलली, "आज सुटीच दिसते मालकाची. निवांत बसले."

पुंडलिकराव उसळले. "निवांत? तुले निवांत दिसून राह्यलं हे? सकाळपासून या डबड्यापाशी पडून राह्यलो! तिकडे पंगत उठली, अन् मी इथं..."

"हाव ना मालक," कांताबाई म्हणाली. "हे बी तेच सांगत होते साहेबाले. पडून राह्यतो."

तिनं काही जास्त म्हटलं नाही. तिला वाटलंही नव्हतं आपण एवढं बोलून जाऊ. भाकरीचं फडकं घट्ट धरून ती तशीच निंबाकडे गेली.  मालकांनी फोनकडे पाहिलं, मग बाजेकडे पाहिलं. बाजेवरच्या माणसाच्या पायात भर दुपारी जोडे होते. इतकी वर्षं ते जोडे त्यांना दिसत होते, पण आज पहिल्यांदा त्यांनी पाहिले.

बऱ्याच वेळानं ते ओट्यावर आले. आरोळी ठोकली नाही. चालत निंबापर्यंत आले.

"बळीराम," ते म्हणाले, "हँडल दे."

कांताबाईच्या हातातलं भाकरीचं फडकं गळालं. बळीरामचा चेहरा पांढराफटक पडला. आपली जीभ आपल्याला नडली नाही, बायकोची नडली, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं उशाखालून हँडल काढलं, धोतराच्या टोकानं पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

पुंडलिकरावांनी ते घेतलं. जड होतं, त्यांना पेलवेना नीट. "आता शनिवारी रात्री हे माह्या घरी आणून ठेवत जाय," ते म्हणाले. "सोमवारी घेत जाय. रविवारी वॅगन लागली तर उत्तमसिंगले पाठवीन. नाही तर वॅगन गेली चुलीत. अन् असा पाहू नको माह्याकडे. मायकडे जाय." तेवढ्यात आतून घंटी वाजली आणि मालक हँडल काखोटीला मारून, धोतराचा सोगा धरून जे पळाले, की कांताबाईला पदर तोंडात कोंबावा लागला.

पुढच्या रविवारी बळीराम पहिल्या एसटीनं पुसदला गेला, तिथून दुसरी धरून फुलसावंगीला. माय दारातच बसली होती. त्यानं "जयभीम माय" म्हटलं तशी तिनं मान वर केली, डोळे बारीक केले, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं.

"दिसतं का माय?"

"धुरावानी दिसतं," ती म्हणाली. "पण दिसलं. झालं माहं."

तिनं त्याला भाकर आणि तुरीच्या शेंगांची भाजी वाढली. जेवून तो अंगणातल्या बाजेवर आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी लांबून हाक मारली. बळीराम ताडकन उठून बसला. हात उशाखाली गेला. तिथं काही नव्हतं.

"काय झालं रे?" माय पायथ्याशी बसली होती.

"कोणी हाक मारली?"

"शेजारीण पोराले बोलावून राह्यली. तू झोप." तिचा हात चाचपत त्याच्या पायाशी आला आणि थांबला. "बळ्या, जोडे घालूनच झोपला काय रे तू?"

बळीरामनं आपल्या पायांकडे पाहिलं. सकाळपासून पायात होते, त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"कोणाची हाक येणार हाय इथं?" माय म्हणाली. "मी मारली असती, पण मी तर जवळच बसली हाय." न पाहताच तिनं एकेक गाठ सोडली, जोडे काढले आणि आपल्या मांडीशी ठेवून दिले. बळीरामचे डोळे भरून आले. त्यानं तोंड भिंतीकडे केलं आणि तो झोपला.

जागा झाला तेव्हा दिवे लागले होते आणि परतीची शेवटची एसटी निघून गेली होती. वेशीपाशी थांबून तिनं चांगला लांब हॉर्न दिला होता म्हणे, साऱ्या गावानं ऐकला. मायनंही ऐकला होता. तिनं त्याला उठवलं नाही.