शिरेत उतरणारं औषध

सिस्टरने ते औषध शिशाच्या जड डब्यातून आणलं. माझ्या नवऱ्याच्या शिरेत ते सुरू केलं आणि ती जाड आडोशामागे जाऊन उभी राहिली. मी काचेपलीकडून पाहत होते. ज्याच्यापासून ती स्वतःला इतकं जपत होती, ते थेंबाथेंबाने ह्यांच्या रक्तात उतरत होतं.

ह्यांचा कॅन्सर हाडांत पसरला होता. हे किरणोत्सारी औषध कॅन्सरच्या पेशी हुडकून काढतं आणि त्यांनाच जाळतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा धीर आला होता. पण शरीराच्या आत सगळा अंधारच. तिथं आपलं कोण, परकं कोण, हे एका औषधाला खरंच कळेल? आणि त्या पेशी तरी परक्या कुठे होत्या? ह्यांच्याच रक्तामांसाच्या ना!

ह्यांच्या अंगातून आता ते किरण बाहेर पडत राहणार होते, म्हणून घरी आल्यावर काही दिवस एकमेकांपासून लांब राहायचं होतं. हे खिडकीशी बसले, मी दाराशी.

“मला ओळखेल ना गं ते औषध?” ह्यांनी विचारलं.

“ओळखेल हो,” म्हणत मी न राहवून उठले, ह्यांचा हात धरायला पुढे झाले.

ह्यांनी घाईघाईने खुर्ची मागे ओढली.

“तू नको,” म्हणाले. “तिथंच थांब.”