मोकळ्या हवेचे साडू

आमच्या साडूंइतका मोकळ्या हवेचा भुकेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. परभणीत चांगलं पक्कं घर होतं, पण पोरीचा खोकला, स्वतःची पोटदुखी, बायकोचा राग, सगळ्याचं खापर ते भिंतींवर फोडत. "पाव्हणं, मानूस काय लोणचं हाय का, बरणीत ठेवायला?" असं विचारत आणि लगेच माझ्याच घराच्या खिडक्या सताड उघडून टाकत. बिऱ्हाड खेड्यावर हलवायचं हे पक्कं होतं. कुठं, एवढंच ठरेना. निवडीची रीतही त्यांचीच. बायको, मुलगी राधा आणि मला घेऊन ते एकेका गावी जात, झाडाखाली सतरंजी टाकत आणि दिवसभर हवा जोखत. पेडगावची हवा त्यांना जड लागली. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळातली रांग पाहून म्हणाले, "हितं देवालाच मोकळीक न्हाई." मेव्हणी मात्र शेतकऱ्याची लेक, माहेरी शेणापाण्यात दमलेली, तिला पुन्हा खेडं नको होतं. गंगाखेडला निघताना हळूच म्हणाली, "दाजी, आज ह्यांनी गाव धरलं तर मी पोरीला घिऊन माहेरी जाणार बगा."

गोदावरीच्या काठी साडूंनी दीर्घ श्वास घेतला. "पोरानं झाडावर चढावं, पान्यात उतरावं, तवा ते वाढतंय," असं ते मला समजावत होते, तेवढ्यात मेव्हणी उठली. "राधी कुटं हाय?"

पाण्याच्या कडेला तिच्या चपला होत्या. राधा नव्हती.

साडू कपड्यांसकट पाण्यात शिरले. त्यांना पोहता येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. छातीभर पाण्यात उभे राहून ते हाका मारत होते आणि हातांनी पाणी चाचपत होते. मी काठाने धावत सुटलो. वाकडी चिंच लागली, तेव्हा वरून बारीक हुंदका आला. पोरगी उंच फांदीला मिठी मारून बसली होती; उतरता येईना आणि रागावतील म्हणून ओ देईना. साडू निथळत आले, बुंध्याला भिडले आणि दोनदा घसरून पडले. मेव्हणीने त्यांना बाजूला सारलं, पदर खोचला आणि ती सरसर वर गेली.

ती पोरीला घेऊन खाली आली तेव्हा साडू म्हणाले, "चुकलं माजं. ऱ्हाऊ आपन परभनीतच."

"आता कशाला?" ती पोरीचे पाय पुसत म्हणाली. "पोरगी चढाय शिकली, आता उतराय बी शिकंल. पोखर्णीला जाऊ, तितं मानसांचा राबता हाय. पर घर बगीन मी. आन पोरीला पवायला बी मीच शिकवीन."

आता ते पोखर्णीत राहतात. परवा गेलो तर मायलेकी विहिरीत होत्या, राधाच्या पाठीला डबा बांधलेला. साडू पायरीवर बसलेले. हवेबद्दल ते हल्ली फारसं बोलत नाहीत. मी शेजारी बसलो तरी त्यांनी मान वळवली नाही. राधाने काठावर चढून उडी टाकली, पाणी मिटलं, आणि तिचं डोकं वर आलं तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.