तांब्याभर पाणी आणि तवंदी घाट

माझं लग्न तांब्याभर पाण्यावर ठरलं, आणि ते सगळं पाणी सासऱ्यांच्या धोतरात गेलं.

मी मस्कतला व्हॅन चालवतो. शाळा सातवीतच सोडली (शाळेलाही बरंच वाटलं असणार). गाडी दाजींनी शिकवली, पासपोर्टासाठी आक्कानं हेलपाटे घातले. त्या दोघांचे उपकार मी इतक्या वेळा बोलून दाखवतो, की आक्का वैतागून म्हणते, "आता गप रं बाबा!" तर मी सुट्टीवर बेळगावला, खासबागच्या घरी आलो आणि सुट्टी संपायच्या आत माझं लग्न जमवायचं असं सगळ्यांनी ठरवलं. सातवी पास, मुलखाच्या बाहेर एकटा, वर स्वभावानं भित्रा! पोरगी देणार कोण? या काळजीनं माझी जेवणावरची वासना उडाली.

शेवटी निपाणीचं एक स्थळ आलं. पोरगी सुनंदा. तिचे वडील आप्पा म्हणजे सरकारी बसचे रिटायर्ड ड्रायव्हर. माझ्या आईचे गुडघे धरलेले, म्हणून ती बेळगावलाच राहिली. आक्का आणि मी दाजींची व्हॅन घेऊन निघालो. पोहे झाले, चहा झाला, सुनंदा माझ्याकडं बघून गालात हसली. जमलं! असं मी मनात म्हणतोय तोवर आप्पांनी विचारलं, "फोन किती बघतोस रं?"

"गाडी चालवताना? कधीच न्हाय, आप्पा!"

"सगळी असंच म्हणत्यात. माझ्याकडं माप हाय." आणि आत तोंड करून ओरडले, "सुनंदे, तांब्या आण गं! काठोकाठ भरून!"

माप साधं होतं. आप्पा भरलेला तांब्या मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसणार आणि आम्ही तवंदी घाटापर्यंत जाऊन येणार. ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर असलं तर पाणी जागचं हलत नाही. लक्ष फोनकडं गेलं की पाय चुकतो, गाडी गचका देते आणि पाणी बाहेर येतं. डेपोतल्या नव्या पोरांना म्हणे ते असंच पारखायचे.

मी शहाणपणा करून फोन मागं आक्काच्या हातात दिला. सुनंदा आक्काशेजारी बसली. दुधावरची साय मोडू नये अशी गाडी काढली.

टिंग!

माझा पाय आपोआप उचलला गेला. गाडी अडखळली. आप्पांनी सावकाश मान खाली घालून धोतराकडं बघितलं.

"आप्पा, फोन तर मागं हाय की!"

"फोन मागं हाय रं, डोस्कं कुठाय?"

आता इथं आईबद्दल सांगायला हवं. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून ती फोनमध्ये बोलून मेसेज पाठवते आणि तिच्या प्रत्येक मेसेजला मी अंगठ्याचं चित्र पाठवतो. अंगठा आला म्हणजे लेक खुशाल. नाही आला तर ती अख्खी गल्ली गोळा करते! त्यामुळं टिंग ऐकलं की माझा अंगठा उठतोच. आणि स्टिअरिंगवरचा अंगठा उठून जाणार कुठं? हॉर्नवर!

टिंग! पोंऽऽ! पुढचा उसाचा ट्रॅक्टर बिचकून बाजूला झाला. टिंग! पोंऽऽ! कडेनं चाललेल्या म्हाताऱ्यानं मला ठेवणीतली शिवी दिली.

"वरात काढलीस काय रं?" आप्पा कडाडले.

"आक्का, आवाज बंद कर गं त्येचा!"

आक्कानं आवाज बंद केला आणि माझे खरे हाल सुरू झाले. वाजतच नाही म्हटल्यावर आलाय की नाही कसं कळणार? आईनं गल्ली गोळा केली असेल काय? मी आरशातून आक्काच्या हाताकडं डोकावायला लागलो. गाडी डावीकडं, पाणी उजवीकडं!

"म्होरं बघ, म्होरं!"

आप्पांच्या ओरडण्यानं आक्का दचकली, तिचं बोट भलतीकडंच पडलं आणि आईचा आवाज गाडीभर घुमला. "बाळ्या! पोरीचा बा लई कडक हाय म्हणं! त्येच्या म्होरं फोनला हात लावू नगंस! ऐकलंस न्हवं? मग लगीच अंगठा पाठव!"

मी कचकन ब्रेक दाबला. तांब्या उपडा. मागून एक ट्रक बोंबलत आमच्या इतक्या जवळून गेला, की व्हॅन पाळण्यासारखी हलली.

मी गाडी हळू कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

"आप्पा, तुम्ही दुसरं स्थळ बघा," मी म्हणालो. "फकस्त आईला तेवढं कळवू द्या, न्हायतर ती रडत बसंल." आणि खाली उतरून अंगठा पाठवला.

आप्पा धोतर पिळत उभे होते. "कधीच न्हाय म्हणालतास."

"व्हय. मलाबी आत्ताच कळलं."

"गाडी थांबवून मग फोन घेतलास, तेवढं बरं केलास. पाणी सांडलं तर पुसता येतंय. माणूस सांडला तर?"

मी मान खाली घातली. लग्न मोडल्यातच जमा होतं. तेवढ्यात सुनंदा पहिल्यांदा बोलली. "आप्पा, माघारी जाताना तांब्या मी धरते."

आप्पांनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "धर. पर फोन डिकीत!"

चहाच्या टपरीवर तांब्या परत भरला. सुनंदा पुढं, आप्पा ओल्या धोतरानं मागं. निपाणीपर्यंत थेंब सांडला नाही. (सायकलवाले मला मागं टाकून जात होते, ते सोडा.) लग्नात मी आप्पांना आहेर म्हणून धोतरजोडी दिली. ती त्यांनी भर मांडवात चाचपून बघितली. "वाळल्यालं हाय न्हवं?"

आता मस्कतला माझा फोन डिकीतच असतो. गाडी थांबली की आईला अंगठा, सुनंदाला अंगठा. सुधारलोय म्हणायचं! फक्त सिग्नलला शेजारच्या गाडीत कुणाचाही फोन टिंग वाजला, की मी हॉर्न मारतो. सगळे माना वळवून रागानं बघतात. आणि मी, खुशाल आहे म्हणून, त्यांनाही अंगठा दाखवतो.