दांड्याची खूण

डोंगरातल्या कोचकोर गावच्या दवाखान्यात दातांची डॉक्टर एकच, बुरमाकान. वय पंचावन्न, बोलणं मोजकं. बोलली की वरचे सोन्याचे दोन दात दिसत. जापारकुल कधीतरी या खुर्चीपाशी येईल, याची ती तीस वर्षं वाट पाहत होती. एके काळी तो तिचा नवरा होता. दात दुखला तर तो घाट ओलांडून दुसऱ्या गावी जाई. या हिवाळ्यात घाट बर्फाने बंद झाला.

तो आला, पण सुनेला घेऊन. भेट म्हणून आणलेली मेंढीची मांडी टेबलावर ठेवत म्हणाला, “घोड्यावरून पडली.”

तीस वर्षांपूर्वी याच खोलीत तो हेच बोलला होता. तेव्हाच्या डॉक्टरने मान वर न करता तेच लिहून घेतलं आणि त्याच दुपारी बुरमाकानचे दोन दात उपटले. जिवंत आहेत की नाहीत, तपासलंसुद्धा नाही. तो कागद अजून तिच्या कपाटात होता.

“दोन्ही सोन्याचे बसव,” जापारकुल म्हणाला. “तुला बघ कसे शोभतात.”

“कधी पडलीस?”

“सकाळी.”

“मी तिला विचारतेय.”

“सुजल्या तोंडाने ती काय बोलणार? सून माझी आहे.”

बुरमाकानने सुनेचे, बेगायीमचे, तळहात उलटे करून पाहिले. स्वच्छ. घोड्यावरून पडणारा माणूस आधी हात टेकतो. हनुवटीवरही ओरखडा नव्हता. वरचा ओठ आतून फाटलेला, पुढचे दोन दात आत ढकललेले, एकाचा कोपरा उडालेला. ओठावर अंगठ्याएवढ्या जाडीचा वळ. चाबकाच्या दांड्याची ती जाडी तिच्या ओळखीची होती. चाबूक जापारकुलच्या बुटात खोचलेला होता. पण चाबूक त्याच्या लेकाकडे, बेगायीमच्या नवऱ्याकडेही असणार.

तिने दोन बोटांनी दात हलवून पाहिले, आरशाच्या दांडीने ठोकले. मग बर्फासारखा गार कापूस टेकवला. “गार लागलं तर हात वर कर.”

हात हलला नाही. दुसऱ्या दातालाही नाही.

“मेलेत ते. उपटून टाक.”

“मार बसला की दात मुका होतो,” बुरमाकान म्हणाली. “मुका म्हणजे मेलेला नव्हे. तीन आठवड्यांनी पुन्हा विचारायचं असतं.”

तिने थुंकी ओढणारी नळी सुरू केली. त्या घरघरीत ती बेगायीमच्या कानाशी वाकली. हातात कापूस नव्हता.

“नवऱ्याने?”

हात मांडीवरच.

“सासऱ्याने?”

हात हळूच खांद्यापर्यंत वर गेला.

“बघ, लागलं की गार,” मागून जापारकुल म्हणाला.

“हो, लागलं.” ती पुन्हा वाकली. “लिहू?”

खाली आलेला हात परत वर गेला.

तिने दात जागेवर सरकवून तारेने बांधले. मग सावकाश लिहिलं. इतकं सुबक अक्षर तिने कित्येक वर्षांत काढलं नव्हतं. “आणणाऱ्याची सही,” म्हणत कागद पुढे सरकवला. जापारकुलने न वाचता सही ठोकली. आपण सांगतो तेच डॉक्टर लिहितात, असाच त्याचा अनुभव होता.

मग तिने वाचून दाखवलं. “चाबकाच्या दांड्याचा मार. मारणारा सासरा. रुग्णाने स्वतः सांगितलं. एक प्रत पोलिसांना.”



“तीस वर्षं हे धरून बसलीस?” जापारकुलने विचारलं.

“बसले.”

“माझ्यावरच्या रागापायी हिचा संसार मोडशील.”

यात थोडं खरं होतं. सही होताना तिला जे गोड वाटलं, ते या पोरीसाठी नव्हतं. तिने ते नाकारलं नाही. टेबलावरची मेंढीची मांडी उचलून त्याच्या हातात दिली. “चौकीत घेऊन जा. तिथे लागेल. ही आज इथेच राहील.”

दार लागलं. बेगायीमने तारेवरून जीभ फिरवली.

“एजे, ताई, राहतील ना दात?”

“सांगता येत नाही,” बुरमाकान म्हणाली. “पण विचारल्याशिवाय उपटणार नाही.”